मेल परत आला? आधी त्यातला आकडा वाचा

मेल परत आला की बहुतेक जण तोच पुन्हा पाठवतात. मग तिसऱ्यांदा. पाठवणाऱ्याचं नाव ‘मेलर-डीमन’ (मेल परत आल्याचं कळवणारा सर्व्हरचा प्रोग्राम) दिसलं की आत काय लिहिलंय ते न बघताच डिलीट. उत्तर नेमकं तिथेच असतं.

तो मेल उघडून तीन आकडी कोड शोधा. ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती. तुमचा सर्व्हरच चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतो, तुम्ही गप्प बसा. ५ ने सुरू होत असेल तर नकार पक्का. काही न बदलता दहादा पाठवलंत तरी तेच.

त्यापुढचा टिंबांचा आकडा कारण सांगतो. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. चौधरी हे आडनाव इंग्रजीत निदान चार तऱ्हांनी लिहितात, तेव्हा फोन करून स्पेलिंग विचारा. ५.२.२ म्हणजे समोरच्याची पेटी भरली. जीमेलच्या फुकट खात्यात १५ जीबी असतात, पण त्यात ड्राइव्ह आणि फोटोही येतात. नुसते मेल उडवून पुरेलच असं नाही. ५.३.४ म्हणजे मेल जड झाला. जोडलेली फाइल वाटेत सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून २५ एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरवर २० एमबीची पीडीएफही अडकते.

खरी डोकेदुखी ५.७.२६. स्वतःच्या डोमेनवरून (पत्त्यात @ नंतर येणारं नाव) जीमेलला पाठवणाऱ्यांना हा भेटतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ (या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लागतं. दिवसाला ५,००० च्या वर मेल जात असतील तर दोन्ही, शिवाय डीमार्क (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद).

इथे हमखास होणारी चूक: वेबसाइटच्या होस्टिंगवाल्याने एक एसपीएफ ओळ दिली, मेल सेवेने दुसरी, आणि डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) दोन्ही वेगवेगळ्या टाकल्या. एका डोमेनला एकच एसपीएफ चालतो. दोन दिसले की तपासणी ‘पर्मएरर’ (कायमची चूक) देते आणि दोन्ही वाया जातात. एकच टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) ठेवा: सुरुवातीला ‘व्ही=एसपीएफ१’ (v=spf1), मग दोघांचे ‘इन्क्लूड’ (include, म्हणजे त्यांच्या सर्व्हर-यादीचा निर्देश), शेवटी एकदाच ‘~ऑल’ (~all). ‘ऑल’च्या पुढे लिहिलेलं कोणी वाचत नाही. आतली इन्क्लूड धरून डीएनएसच्या चौकश्या १० च्या वर गेल्या तरीही पर्मएररच. वापरात नसलेल्या न्यूजलेटर सेवांची नावं काढून टाका.

टीटीएल (जुनी नोंद किती सेकंद धरून ठेवली जाते ते) ३६०० असेल तर तासभर थांबा. मग त्या डोमेनवरून आपल्याच जीमेलवर मेल टाका, तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ उघडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, यातलं जे जे लावलंय त्यापुढे ‘पास’ हवं.

मेल परतही आला नाही आणि मिळालाही नाही, तर आधी स्पॅम बघायला सांगा. तिथेही नसेल तर न पोचलेल्या मेलचा ‘मेसेज आयडी’ (पाठवलेल्या मेलच्या मूळ मजकुरात दिसणारी त्याची ओळख) आणि पाठवल्याची वेळ समोरच्या ऑफिसच्या आयटीवाल्याला द्या. त्याला लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) शोधायला तेवढं पुरतं. ‘काल दुपारी पाठवला होता’ एवढ्यावर तो काही शोधणार नाही.