आमच्या बाटलीतला पाऊस

बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा 'प्रकल्प' म्हणलं की माझ्या डोळ्यांपुढं चार्ट पेपर, थर्माकोल आणि आदल्या रात्री जागणारी आई यायची. आमच्या परभणीकडं स्टेशनरीच्या दुकानात प्रकल्पाचे तयार कागद मिळतात. जलप्रदूषण, सौरऊर्जा, जो पाहिजे तो विषय. मुलांनी चिकटवायचं, सरांनी सही करायची, गुण द्यायचे. दुसऱ्या वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये मला सातवीच्या वर्गावर एक प्रकल्प घ्यायचा होता आणि त्यात तंत्रज्ञानाचा वापर दिसला पाहिजे अशी अट होती. तो कसा पार पडला ते जरा सविस्तर लिहिते, कारण यंदा शाळेवर जाणाऱ्या मैत्रिणी रोज तेच विचारायलेत.

पहिलं वर्ष बरंचसं तयारीतच जातं. सूक्ष्म अध्यापन सगळ्यांनी केलेलं असतं: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे काय चुकलं, काय जमलं ते ऐकणं), बारा मिनिटं पुनर्नियोजन, मग पुन्हा सहा आणि सहा, असं छत्तीस मिनिटांचं चक्र. समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच मैत्रिणी बसलेल्या, त्यामुळं हसू आवरत नाही. लोक याला नाटक म्हणतात. मला मात्र प्रश्न विचारण्याचं कौशल्य तिथंच आलं. उत्तर येईपर्यंत गप्प कसं थांबायचं, हे कोणी घड्याळ लावून शिकवल्याशिवाय जमत नाही.

माहिती तंत्रज्ञानाच्या तासाला पीपीटी, गुगल फॉर्म, गणिताच्या आकृत्या काढायचं जिओजेब्रा, मोबाईलवर व्हिडिओ कापणं-जोडणं असं सगळं झालं. मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ साली मांडलेला टीपॅक आराखडाही झाला. आशयाचं ज्ञान, अध्यापनाचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान अशी एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं. परीक्षेत ही वर्तुळं काढली की उत्तर बरं दिसतं, पण आमच्या मार्गदर्शक मॅडमना वर्तुळांत रस नव्हता. त्यांचा एकच ठरलेला प्रश्न असायचा, "हे पडद्यावर दाखवल्यानं असं काय कळलं, जे फळ्यावर कळलं नसतं?" याला उत्तर नसलं की पाठाचं टाचण परत. पानाच्या भागांवर माझ्या एका मैत्रिणीनं देखणी पीपीटी केली होती. मॅडमनी खिडकीबाहेरच्या जास्वंदीकडं नुसतं बोट दाखवलं.

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये इंटर्नशिप एकूण वीस आठवड्यांची. त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी येतात. मला मिळालेली शाळा जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंतची. लोकवर्गणीतून घेतलेला मोठा टीव्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत प्लास्टिकच्या कव्हराखाली सुरक्षित होता. रिमोट कपाटात, कपाटाची चावी एका सरांकडं आणि सर बहुतेक वेळा प्रशिक्षणाला. दुपारची लाईट तर आपल्या हातात नाहीच. म्हणून मी आधीच ठरवलं, की टीव्ही मिळाला तर बोनस धरायचा, त्याच्या भरवशावर तास उभा करायचा नाही. क्यूआर कोड आता पाठ्यपुस्तकातच असतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांनी आपल्या शाळेत हा प्रयोग आधीच केला होता. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तो त्यांनाच. त्या कोडवरचे, दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमधले व्हिडिओ मी रात्री घरी डाऊनलोड करून न्यायची. गावात रेंज फक्त शाळेच्या गच्चीवर आणि मारुतीच्या पारावर येते.

प्रकल्पाचा विषय मी निवडला नाही, तो वर्गात आपोआप आला. सकाळी हजेरी घेत होते. एक मुलगा म्हणाला, त्याचे वडील रात्रभर चिडलेत. शेतात पाणी साचलंय, सोयाबीन पिवळं पडायलंय आणि मंडळात पाऊस पासष्टच्या आत लागलाय. मराठवाड्यात याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर नोंद झाली तर अतिवृष्टी, मग पंचनामे, मदत वगैरे. नोंद होते मंडळाच्या पर्जन्यमापकावर, आणि एका मंडळात गावं पुष्कळ. "मग आपल्या गावात किती पडला ते कोण मोजतंय?" मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं. वर्ग गप्प झाला. मी सूक्ष्म पाठातलं थांबणं वापरलं. थोड्या वेळानं कोणीतरी म्हणालं, "आपुनच मोजू की."

किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९१८ मध्ये प्रकल्प पद्धती मांडली, तिच्या चार पायऱ्या आम्ही पाठ केल्या होत्या: हेतू ठरवणं, नियोजन, कार्यवाही, मूल्यमापन. पुस्तकात पहिली पायरी दोन ओळींत संपते, पण खरी अवघड तीच. हेतू मुलांचा असला तर पुढच्या तीन पायऱ्या चालतात. शिक्षकाचा असला तर स्टेशनरीचं दुकान आहेच.

पर्जन्यमापक म्हणजे थंड पेयाची मोकळी बाटली. वरचा निमुळता भाग कापायचा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा त्याच बाटलीत बसवायचा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून आत खडे घालून त्यावर सरळ भिंतीपर्यंत पाणी भरायचं आणि त्या पातळीला शून्याची रेघ मारायची. तिथून वर पट्टी चिकटवायची. हे मी सांगितलं नाही. "तळ वाकडा आहे, मग शून्य कुठं?" एवढंच विचारलं. त्यावर बरीच भांडणं झाली.

सगळ्यात रंगलेला तास मात्र वेगळाच. एका गटाची बाटली दोन लिटरची होती, दुसऱ्याची अर्ध्या लिटरची. दोन लिटरवाल्यांचं म्हणणं, आमची मोठी, आमच्यात पाऊस जास्त भरणार. छोट्या बाटलीवाले नाराज. रात्री बरा पाऊस झाला आणि सकाळी दोन्हीकडं उंची जवळपास सारखीच. मुलं मलाच विचारायला लागली, "मॅडम, असं काय करायलाव? कोणी पाणी काढलं का?" मी दोन्ही बाटल्यांची तोंडं पट्टीनं मोजायला लावली. मोठ्या तोंडात पाणी जास्त पडतं खरं, पण तेच पाणी आत मोठ्या तळावर पसरतं. हे त्यांनीच जमिनीवर खडूनं वर्तुळं काढून पटवून घेतलं. त्यावर एकानं घरून रॉकेलचं जुनं रुंद नरसाळं आणून छोट्या बाटलीवर ठेवलं आणि पुढच्या पावसाला आकडा एकदम फुगला. नरसाळ्याचा व्यास बाटलीच्या दुप्पट होता. दुप्पट व्यास म्हणजे चौपट क्षेत्रफळ. गणिताचे सर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना वाटत होतं मी त्यांचा तास खायलेय. त्या दिवसापासून ते आमच्यात आले.

बाटल्या कुठं ठेवायच्या यावरूनही वाद झाला. लिंबाखाली सावली चांगली, पण पानांवरून पाणी गळतं. झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब ठेवायची, असं ठरलं. शेळ्यांनी पाडू नये म्हणून सभोवती विटा. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, म्हणून आम्हीही साडेआठ धरले. शाळा त्यानंतर भरते. मग शाळेसमोर राहणाऱ्या दोन मुलींनी रविवारची जबाबदारी घेतली. पोळ्याला, महालक्ष्म्यांच्या दिवसांतसुद्धा नोंद चुकली नाही. सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला सगळे आधीच जमलेले, तर बाटलीभोवती ही गर्दी.

मोबाईलची भानगड इथं सुरू होते. वाचनाचा फोटो काढायचा, वेळेसह ग्रुपवर टाकायचा, असा माझा बेत होता. पण वर्गातल्या बहुतेक मुलींना फोन मिळत नाही. सकाळी तो वडिलांबरोबर शेतात जातो. फोन ज्याचा, आकडा त्याचा, असं झालं असतं. म्हणून वही हीच मुख्य नोंद ठरवली: तारीख, वेळ, आकडा, वाचणाऱ्याची सही आणि दुसऱ्या कोणाची तरी पडताळणी. फोटो फक्त पुरावा म्हणून, तोही ज्या दिवशी आकडा मोठा असेल त्या दिवशी. महाविद्यालयाच्या निरीक्षण तक्त्यात 'तंत्रज्ञानाचा वापर' या रकान्यात माझे गुण यानं कमी झाले असतील तर असोत.

कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. तो आकडा मी गच्चीवर जाऊन उतरवून आणायची आणि मुलं तो आपल्या आकड्याशेजारी लिहायची. दोन आकडे शेजारी आले की जोडस्तंभालेख, आणि तो तर सातवीच्या गणितातच आहे. आधी आलेख कागदावर, रंगीत पेन्सिलींनी. तो सगळ्यांना नीट जमल्यावर मी टीव्हीची चावी मागितली.

मॅडमच्या प्रश्नाला माझं उत्तर त्या तासाला मिळालं. तीच आकडेवारी मोबाईलवरच्या गुगल शीटमध्ये भरली आणि टीव्हीवर दाखवली. एका मुलानं १७ च्या जागी १७० टाकलं आणि एक स्तंभ छताला भिडला. बाकीचे सगळे बुटके. वर्गाला पकडायला क्षणही लागला नाही: "असं कुठं पडत असतंय का!" दुरुस्त केलं. मग मी उभ्या अक्षाची सुरुवात शून्यावरून काढून दहावर नेली. एका दिवशी आमच्या बाटलीत १८ आणि मंडळात १५ होते. आतापर्यंत ते दोन स्तंभ जवळपास सारखे दिसत होते, आता एक दुसऱ्याच्या दीडपटीहून उंच दिसायला लागला. "आकडे बदलले का?" नाही. "मग?" एका मुलीनं डाव्या बाजूचा अक्ष वाचला आणि म्हणाली, "यांनी खालून कापलंय." पेपरातल्या आलेखांकडं ती आता कशी बघते ते मला माहीत आहे, कारण नंतर तिनं असाच एक कापून आणला. कागदावर हे दाखवायचं तर दोन तास गेले असते. इथं बोटानं एक आकडा बदलला. तेवढ्यासाठी टीव्ही पाहिजे होता. बाकी सगळं वही-पेन्सिलीवर झालं आणि चांगलं झालं.

आणखी एक गणित त्यांना फार आवडलं. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर होतो. शाळेचा स्लॅब पावलांनी नाही, टेपनं मोजला; साधारण एकशे चाळीस चौरस मीटर. दहा मिलिमीटरला चौदाशे लिटर. तोंडं उघडीच राहिली. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते यातल्या कोणाला आठवण्यासारखं नाही, पण घरी सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

गावातले एक आजोबा रोज पाराकडं जाताना बाटल्यांपाशी थांबायचे. एके दिवशी आमचा आकडा ३८ आणि मंडळाचा १७ आला तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या बाटलीला सरकार मानतंय का?" मुलांनी माझ्याकडं बघितलं. नाही, मानत नाही, असं मी सरळ सांगितलं. पुढचं बोलणं वर्गात झालं. आपली बाटली प्रमाणित नाही. पट्टी आपण चिकटवली. पण दोन गावांत एकाच रात्री पाऊस वेगळा पडू शकतो, एवढं तरी आपल्या वहीवरून दिसतं. मंडळाचा आकडा खोटा आहे असं त्यावरून म्हणता येत नाही, हे पटवणं मला जड गेलं. घरात रोज वेगळं ऐकणाऱ्या मुलांना शिक्षिकेनं कुठवर ओढावं, हा प्रश्न टीपॅकच्या तिन्ही वर्तुळांच्या बाहेरचा आहे. मी वहीत जे आहे तेवढंच बोलायचं, असा नियम केला आणि स्वतःही पाळला.

सप्टेंबर संपताना काढणी सुरू झाली आणि वर्ग अर्धा झाला. गट मोडले, उरलेल्यांचे नवे केले. मुख्याध्यापक सरांना घटक चाचणीची काळजी होती, ती रास्तच होती. जोडस्तंभालेख, क्षेत्रफळ, पर्जन्य असे घटक मी त्यांना पुस्तक उघडून दाखवले, तेव्हा त्यांनी परवानगी वाढवली. मूल्यमापनासाठी रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण याचा तक्ता, मुलांबरोबरच बसून केलं. त्यात 'नोंद खरी आहे' याला सगळ्यात जास्त गुण मुलांनीच ठेवले. 'सजावट' हा निकष एकानं सुचवला होता, तो मतदानात पडला.

माझ्या फाईलमध्ये मात्र सजावट लागलीच. रंगीत प्रिंट, फोटो, प्रत्येक पानाला चौकट. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी फोटोंची पानं चाळली आणि विचारलं, "यात आयसीटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञान, एवढंच?" मी कापलेल्या अक्षाचा आलेख उघडून दिला आणि दोन्ही स्तंभांत किती फरक आहे ते सांगा म्हणलं. त्यांनी चष्मा वर करून डावा अक्ष वाचला, मग हसून पुढचा प्रश्न घेतला.

शीटची लिंक आता गणिताच्या सरांकडं आहे. परतीचा पाऊस संपल्यावर त्यांनी त्यात एक रकाना वाढवला: शाळेजवळच्या विहिरीचं पाणी काठापासून किती फुटांवर, दर सोमवारी. सर काठावर उभे राहतात, दोराला दगड बांधून मुलं मोजतात. फुटांचे मीटर करायचं काम सहावीकडं दिलंय आणि सातवीवाले ते तपासून देतात.