अकरावं काज

तिनं पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, "काढा ना फोटो, पण पाठमोरा." इतकं स्वच्छ सांगणारं माणूस मला वर्षातून एखादंच भेटतं. बाकीच्यांना आपल्याला काय हवं होतं ते फोटो बघितल्यावर कळतं, म्हणजे तो आवडला नाही की मग.

मी अमेरिकेत, मेरीलँडमध्ये राहतो. सोमवार ते शुक्रवार ऑफिसांत जाऊन करड्या पडद्यापुढे साहेबलोकांचे हसरे चेहरे टिपायचे, हे पोटापाण्याचं काम. एका स्थानिक मासिकानं सांगितलं, रेनेसान्स फेस्टिव्हलमधल्या वेषभूषा केलेल्या बायकांचे सहा फोटो हवेत. मी लगेच हो म्हटलं. निदान एक दिवस तरी टायपासून सुटका.

अ‍ॅनापोलिसजवळच्या क्राउन्सव्हिल गावात ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत दर शनिवार-रविवारी हा फेस्टिव्हल भरतो. सुरुवात 1977ची. ओकच्या झाडीत सोळाव्या शतकातलं एक लुटुपुटीचं इंग्लिश गाव वसवलेलं आहे. ट्यूडर घराण्यातला राजा आठवा हेन्री लवाजम्यासह त्यातून हिंडतो आणि घोड्यांवरून भाल्यांच्या झुंजी होतात. (ही झुंज 1962पासून मेरीलँडचा अधिकृत राज्य-खेळ आहे. थट्टा नाही.) पण माझं काम राजाच्या पगारी माणसांशी नव्हतं. तिकीट काढून, पदरचे पैसे घालून, वेष करून येणारी जी जमात असते तिला तिथे 'प्लेट्रॉन' म्हणतात. मला त्यातल्या बायका हव्या होत्या.

सकाळी अकरानंतर तिथला उजेड फोटोग्राफरचा वैरी होतो. झाडांच्या पानांतून कवडसे पडतात. ते जमिनीवर सुंदर दिसतात, पण चेहऱ्यावर पडले की कोड फुटल्यासारखं वाटतं. शिवाय पानांचा हिरवा रंग गालावर उतरतो. म्हणून मी दुकानांच्या लाकडी पडव्या शोधतो. वर छप्पर, समोर उन्हात तापलेली पिवळी धूळ. त्या धुळीवरून उलटून येणारा उजेड कुठल्याही विकतच्या रिफ्लेक्टरपेक्षा भला. त्यातून काळं मखमल आणि शेजारी पांढरीशुभ्र झालर असली की कॅमेऱ्याचं डोकं फिरतं. तो मखमलीकडे बघून उजेड वाढवतो आणि झालर जळून सपाट होते. अशा वेळी झालर सांभाळायची. अंधारातून मखमल नंतर वर काढता येतं, जळलेलं पांढरं परत येत नाही.

आणि कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरायचा. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या दिवशी माझ्या आजूबाजूला निदान दहा हौशी मंडळी लांबलचक लेन्सा लटकवून फिरत होती आणि झाडून सगळे वरून खाली फोटो काढत होते. घट्ट बांधलेल्या चोळीचा वरून फोटो कशासाठी काढतात हे समजायला फोटोग्राफी शिकावी लागत नाही. एकानं मला आपणहून सल्ला दिला, "त्यांनी घातलंय म्हणजे बघायलाच घातलंय." मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

ती मला दुपारी, मातीची भांडी विकणाऱ्या दुकानाच्या पडवीत दिसली. वय पन्नाशीचं. अंगावर हस्तिदंती ब्रोकेडचा, इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या धर्तीचा पायघोळ झगा. मी नेहमीप्रमाणे आधी विचारलं, कागदावर सही घेतली (अशा छपाईला सही लागतेच असं नाही, पण मी घेतो), आणि तिनं ती अट घातली.

"समोरचं कापड मी विकत घेतलंय," ती म्हणाली. "मागचं मी केलंय."

ती वळली. पाठीच्या दोन्ही कडांना नाडी ओवायची बावीस-बावीस काजं, सगळी हातानं केलेली. पितळी रिंगा ठोकल्या असत्या तर अर्ध्या तासाचं काम. पण तशा रिंगा एकोणिसाव्या शतकातल्या, त्या सोळाव्या शतकाच्या झग्यावर ठोकणं म्हणजे तिच्या लेखी पाप. आरीनं कापड टोचायचं, म्हणजे धागे तुटत नाहीत, नुसते बाजूला सरतात. मग त्या भोकाच्या कडेनं रेशमी दोऱ्याचे दाट टाके घालत फिरायचं. एका काजाला दहा-बारा मिनिटं. हिशेब केला, एकूण सात ते नऊ तासांची नुसती भोकं. नाडीही बुटासारखी फुलीफुलीची नव्हती. एकच दोरी, एका टोकाला गाठ, आणि नागमोडी वर चढत गेलेली. त्यासाठी दोन्ही बाजूंची काजं समोरासमोर नसतात, मुद्दाम अर्ध्या घरानं सरकवलेली असतात.

मी विचारलं, हे शिकलात कुठून? मग ती जे बोलायला लागली ते मला अर्धा तास पुरलं. एलेओनोरा दि तोलेदो, फ्लॉरेन्सची डचेस. ब्राँझिनो या चित्रकारानं 1545च्या सुमारास काढलेलं तिचं चित्र फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. त्यातल्या ब्रोकेडचा प्रत्येक वेलबुट्टा मोजता येतो. पण चित्र समोरचं. त्या काळच्या बहुतेक चित्रांतल्या बायका समोरच्या किंवा जराशा वळलेल्या. कपडे मागून कसे बांधत हे चित्रकारांनी सांगितलंच नाही. एलेओनोरा 1562मध्ये वारली. ज्या कपड्यांत तिला पुरलं त्यांचे अवशेष पुढे थडग्यातून बाहेर काढले, आज ते फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात जपून ठेवलेत.

"तिची पुढची बाजू चित्रकारानं दाखवली," ती म्हणाली, "मागची बघायला तिचं थडगं उघडावं लागलं."

मला आमची मावशी आठवली. मी डोंबिवलीचा. तिथली पाडव्याची शोभायात्रा 1999 साली सुरू झाली आणि माझा पहिला कॅमेरा मी तिच्यावरच झिजवला. फडके रोडवर नऊवारी, नथ, गॉगल, बुलेट. आम्ही सगळे पोरगे समोरून फोटो काढायचो. मावशी म्हणायची, "मेल्यांनो, काष्टा कोण बघणार? नऊवारी नीट नेसलीय की नाही ते मागूनच कळतं." पुढे शिवलेल्या नऊवाऱ्या आल्या, परकरासारख्या चढवायच्या. त्यांना मावशी साडी म्हणतच नसे. पितळी रिंगांना नावं ठेवताना त्या बाईच्या तोंडावर हुबेहूब तोच भाव होता.

तर तो पाठमोरा फोटो. तो मी जीव लावून काढला. टाके दिसायचे तर उजेड कापडाला घासून आडवा यायला हवा, म्हणजे प्रत्येक टाक्याची इवलीशी सावली पडते. तिच्या नवऱ्याला (भिक्षूचा वेष, मनगटावर स्मार्टवॉच) चंदेरी रिफ्लेक्टर धरून डावीकडे गुडघ्यांवर बसवलं. लेन्स 85 मिलिमीटरची. छिद्र एफ 8पर्यंत मिटवलं (छिद्र लहान तेवढं पुढचं-मागचं जास्त स्पष्ट), कारण पाठ गोलाईची असते आणि मला चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस काजं टोकदार हवी होती. ती श्वास धरून उभी राहिली. चौदा फ्रेम काढल्या. नववी बघितल्यावर मी स्वतःशीच हसलो, इतकी चांगली आली होती.

मग मी म्हणालो, "एक समोरचाही घेऊन ठेवू? नुसता माझ्यापाशी."

ती जराशी थांबली. "तुमच्यापाशी," ती म्हणाली आणि वळली. तीन फ्रेम.

त्या रात्री मी सहा फोटो पाठवले आणि सातवा जोडला. फाइलच्या नावात 'पर्यायी' असं लिहिलं. संपादकाला काही कळवलं नाही, तिनं काय सांगितलं होतं तेही नाही. वीस वर्षं या धंद्यात काढल्यावर चेहरा असलेला आणि नसलेला फोटो शेजारी ठेवले तर मासिक कुठला उचलतं हे मला न कळण्यासारखं नाही. पाठमोरा फोटो अख्खा नाकारला गेला तर सहाचे पाच होतील आणि पैसे कापले जातील, एवढाच विचार होता. फार मोठी रक्कमही नव्हती.

अंक आला. समोरचा फोटो, तोही छातीपासून वर कापलेला, आणि खाली 'ट्यूडर राणी'. फ्लॉरेन्सच्या डचेसची ट्यूडर राणी! ज्यांना पुस्तकं उघडायची नाहीत त्यांनी ओळी लिहू नयेत. हे मी संपादकाला फोनवर ऐकवलं, अगदी चढ्या आवाजात. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी फक्त चुकीच्या ओळीबद्दलच भांडलो होतो.

पुढच्या शनिवारी तिकीट काढून गेलो. ती त्याच पडवीत होती. अंक तिनं बघितला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "चेहरा बरा आलाय माझा." त्या वाक्याचा सूर मला अजून लागलेला नाही. राग म्हणावा तर नव्हता. मग म्हणाली, "तो दुसरा मला पाठवाल? मोठ्यात मोठा."

घरी येऊन मूळ फाइल पाठवली. पैसे विचारायचा प्रश्नच नव्हता. रात्री अकराला उत्तर आलं. आभार वगैरे दोन ओळी आणि मग: उजवीकडचं, वरून अकरावं काज खाली उतरलंय. म्हणून तिथे चुणी पडते. हा झगा तीन वर्षं घालतेय, पण पाठ मला दिसत नाही आणि नवऱ्याला काही दिसत नाही.

मी फोटो पुन्हा उघडला, दोनशे टक्के मोठा केला आणि वरून मोजत आलो. अकरावं. सूतभर खाली, आणि त्याच्याजवळ कापडाला बारीकशी चुणी. त्या फोटोवर मी दोन तास बसलो होतो. झग्यावरचा एक केस आणि धुळीचे चार ठिपके पुसले होते. ही चुणी दिसली होती मला. मी तिला सावली समजलो होतो.

आता ती ते काज उसवणार आहे. आरीनं धागे तुटलेले नसतात, त्यामुळे जुनं भोक नखानं चोळलं की बरंचसं मिटतं, असं तिनं लिहिलंय. फेस्टिव्हलच्या शेवटच्या रविवारी तो झगा घालून येणार आहे आणि मी यावं असं म्हणालीय, उजेड आडवा असेल अशा वेळी. मी साडेचार कळवलेत. रिफ्लेक्टर धरायला भिक्षू असेलच.