‘नो फॉल्ट फाउंड’: सर्व्हो ॲम्प्लिफायर रिपेअरला पाठवला तेव्हाचा माझा अनुभव

जॉब शीटवर तीनच शब्द होते: नो फॉल्ट फाउंड. खाली सही, शिक्का आणि सोबत तपासणी फीचं बिल. १९ दिवस वाट पाहिल्यावर हे हातात आलं. त्याच दुपारी सर्व्हो ॲम्प्लिफायर (सर्व्हो मोटरला मोजून करंट देणारं युनिट) पॅनेलमध्ये बसवून मशीन चालू केलं, तर ५०व्या मिनिटाला पुन्हा तोच ओव्हरकरंटचा, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त करंट गेल्याचा अलार्म. तो राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या कुणाचे १९ दिवस वाया जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

मी बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे पाऊच पॅकिंगचं मशीन आहे. त्यावर तीन सर्व्हो, म्हणजे हुकमाप्रमाणे नेमक्या फिरणाऱ्या मोटरी, प्रत्येकीला आपला ॲम्प्लिफायर: एक फिल्म ओढायला, एक सीलिंग जॉला, एक फीडरला. मागच्या मे महिन्यात फिल्मचा ॲक्सिस (ती मोटर आणि ती फिरवते तो भाग) दुपारी बंद पडायला लागला. सकाळची शिफ्ट मात्र बिनतक्रार जायची. आमचा हेल्पर पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, ठंडुं होय त्यारे चाले छे." म्हणजे थंड असतं तेव्हा चालतं. ते वाक्य मी तसंच्या तसं वहीत लिहिलं. सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात अचूक निदान तेच निघालं.

ओव्हरकरंट म्हटलं की आधी मोटर आणि केबल तपासायची. तिन्ही फेजमधला रेझिस्टन्स सारखा आला, मेगरलाही (इन्सुलेशन तपासायच्या मीटरला) मोटर चांगली निघाली. मेगर करताना मोटरची केबल ॲम्प्लिफायरमधून काढलेलीच हवी. ५०० व्होल्ट उलटे आत गेले तर चांगलं युनिटही जातं. मग खरी परीक्षा घेतली ती अदलाबदलीची. फिल्मचा आणि फीडरचा ॲम्प्लिफायर एकाच मॉडेलचे आहेत, म्हणून त्यांच्या जागा बदलल्या. अलार्म ॲम्प्लिफायरबरोबर फीडरवर गेला. म्हणजे मोटर, केबल, मेकॅनिकल सगळं संशयातून सुटलं. ही अदलाबदल करताना पॅरामीटरही (ॲम्प्लिफायरमधली सेटिंग) ज्या ॲक्सिसचे त्याला द्यायचे. दोन्ही ॲक्सिसचा इलेक्ट्रॉनिक गिअर (किती पल्सला मोटर किती फिरेल ते प्रमाण) वेगळा असतो, तो तसाच राहिला तर पाऊचची लांबीच बदलते.

पॅकिंग, चलन, कुरिअर यात काही अडलं नाही. अडलं ते रिपेअर सेंटरच्या फॉर्मवर.

फॉर्मवर चार रकाने: मॉडेल नंबर, सिरियल नंबर, अलार्म, वॉरंटी आहे की नाही. अलार्मचा रकाना बोटभर रुंद. मी त्यात ‘ओव्हरकरंट’ लिहिलं, कारण दुसरं काही लिहायला जागाच नव्हती. तिकडे त्यांनी टेबलावर मोकळी मोटर जोडली, दहा मिनिटं फिरवली, अलार्म आला नाही आणि युनिट परत पाठवलं. एसीच्या खोलीत, लोड नसताना, दहा मिनिटं! आमच्याकडे मे महिन्यात शेडबाहेर ४२ अंश असतं आणि पॅनेलच्या आत त्याहून जास्त.

फोन केला. काउंटरवरचे म्हणाले, "सर, आमच्याकडे नीट चाललंय. तुमच्या मशीनमध्ये काहीतरी असेल." मी अदलाबदलीचं सांगितलं. "ते ठीक आहे सर, पण शीटवर एनएफएफ, नो फॉल्ट फाउंड आहे. परत पाठवलंत तर नवीन एंट्री, नवीन फी, नंबर शेवटी." तीन दिवसांत तीन फोन, तिन्ही वेळा हेच उत्तर. टेक्निशियनशी बोलू द्या म्हटलं, तर ते बोलत नाहीत म्हणे. मी बडोद्याच्या कलाभवन इंजिनिअरिंग कॉलेजातून इलेक्ट्रिकल केलेला माणूस, वीस वर्षं पॅनेलसमोर उभा आहे, आणि मला सांगितलं जात होतं की माझ्या डोळ्यांसमोर लागणारा अलार्म लागतच नाही.

मग फोन करणं बंद केलं आणि पुरावा जमवला. मशीन सुरू केल्यापासून दर दहा मिनिटांनी ॲम्प्लिफायरच्या हीट सिंकचं (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचं) तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घेतलं. पॅनेलचं दार उघडं ठेवून समोर पंखा लावला की ॲक्सिस तासन् तास चालायचा. दार बंद केलं की तासाच्या आत अलार्म. शेवटी घरून मुलीचा हेअर ड्रायर आणला. सकाळी, सगळं थंड असताना, ॲम्प्लिफायरच्या वरच्या जाळीतून गरम हवा सोडली. सहाव्या मिनिटाला अलार्म. त्याचा व्हिडिओ घेतला, घड्याळ फ्रेममध्ये ठेवून.

हे सगळं लेटरहेडवर एका पानात लिहिलं: किती वेळाने, किती तापमानाला, किती लोडवर, अदलाबदल केल्यावर काय झालं. वर ठळक अक्षरात: ‘गरम करून, लोडवर, किमान दोन तास चालवून पाहावा.’ ते पान फॉर्मला जोडलं नाही, काउंटरवर वेगळं होईल म्हणून थेट ॲम्प्लिफायरच्या अंगावर चिकटपट्टीने बांधलं. ही एकच गोष्ट पहिल्या वेळी केली असती तर पुढचं काही झालंच नसतं.

युनिट पोचल्यानंतर दुसऱ्याच दिवशी टेक्निशियनचा स्वतःहून फोन आला. मोठा नेमका माणूस. "ब्रेक लावताना येतो की वेग घेताना?" विचारलं. वेग घेताना, म्हणालो. त्यांनी खोक्यात बंद करून लोडवर चालवला आणि एक तास दहा मिनिटांनी तिथेही अलार्म आला. नंतर फोटो पाठवला: करंट सेन्सरच्या एका पायाभोवती, सोल्डरमध्ये, केसाएवढी काळी गोल रेघ. बोर्ड तापून फुगला की तिथला संपर्क सुटायचा, सेन्सर चुकीचं रीडिंग द्यायचा आणि ॲम्प्लिफायर त्याला ओव्हरकरंट समजायचा. सोल्डर नवीन केलं, पंखाही बदलला. तो फोटो पाहून मला किती बरं वाटलं हे शब्दांत सांगता येणार नाही.

आठवलं म्हणून सांगतो: युनिट काढण्याआधी मेन बंद करून १५ मिनिटं थांबाच. आत २८० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो. चार्जचा दिवा विझल्यावरही मीटरने बघून मगच हात घाला. आणि ॲब्सोल्यूट एन्कोडर (पॉवर गेली तरी बॅटरीवर मोटरची पोझिशन लक्षात ठेवणारा सेन्सर) असेल तर केबल काढण्याआधी होम पोझिशनला मार्करने खूण करा. बॅटरीचा संबंध तुटला की पोझिशन जाते, आणि खूण नसेल तर ती पुन्हा बसवण्यात अख्खा दिवस जातो.

मधल्या काळात उत्पादन थांबू नये म्हणून शेठनी त्याच मॉडेलचं सेकंड हँड युनिट घेतलं होतं. मॉडेल नंबरची शेवटची अक्षरंसुद्धा जुळवून घ्या, कंट्रोलरचा हुकूम पल्समधून घेणारं की नेटवर्कवरून घेणारं ते त्यातच असतं. ते युनिट आता स्टोअरमध्ये आहे, पॅरामीटरची प्रिंट त्याच्याच खोक्यात. वर्षातून एकदा त्याला पॉवर द्यायची, नाहीतर आतले कपॅसिटर पडून पडून खराब होतात. पहिली तारीख मी खोक्यावर लिहून ठेवली आहे.