मागनं कोण चाललंय?

गेममधला कॅमेरा हा बहुतेक वेळा कॅमेराच नसतो. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सिनेमशीन हे कॅमेऱ्याचं साधन वापरलं की एका दृश्यात हवे तितके आभासी कॅमेरे मांडून ठेवता येतात, पण त्यांतला एकही चित्र घेत नाही. चित्र घेणारा खरा कॅमेरा एकच. बाकीचे नुसत्या सूचना देतात: इथं उभा राहा, हिच्याकडं बघ, एवढं अंतर ठेव. ज्याचा अग्रक्रम वरचा, त्याचं ऐकून खरा कॅमेरा तिकडं सरकतो. दुसरं काही सांगितलं नसेल तर या सरकण्याला दोन सेकंद घेतो.

साताऱ्यात बसून फावल्या वेळात मी एक छोटा गेम करतेय. लिंब गावची बारा मोटेची विहीर आणि तिच्यात उतरणारी दहा वर्षांची मुलगी, एवढंच. मारामारी नाही, गुण नाहीत, वेळेची मर्यादा नाही. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेली ही विहीर. पायऱ्या उतरून आत जायचं, मध्ये छोटासा महाल, पुढं अष्टकोनी विहीर आणि भिंतींवर शरभाची शिल्पं. वरून पाहिलं तर सगळ्याचा मिळून शिवलिंगाचा आकार दिसतो, आणि ड्रोन आल्यापासून जो तो तेच चित्र काढतोय. मला त्या चित्राचा कंटाळा आलाय. बांधणाऱ्यांनी ती तशी कधीच पाहिली नसणार. ते पायऱ्या उतरत खाली गेले असतील, तेव्हा माझ्या गेममध्ये आकाशातला कॅमेरा नाही. मुलीच्या मागून, तिच्याच उंचीवरून पाहायचं, हे पहिल्यापासून पक्कं होतं.

आता कॅमेऱ्याचं अंतर, उंची असे आकडे हातानं भरत बसावं लागत नाही. २०२४ च्या अखेरीस एमसीपी नावाची जोडणीची पद्धत आली. तिच्यामुळं एआय साहाय्यक थेट युनिटीच्या एडिटरला जोडता येतो. मी मराठीत लिहिते, तो रकाने शोधून आकडे भरतो. ‘कॅमेरा थोडा मागं घे’ म्हटलं, त्यानं चार मीटरचे सहा केले. मैदानात ठीक आहे हो, पण विहिरीच्या पायऱ्यांवर दोन मीटर मागं म्हणजे थेट भिंतीत. आणि या दुनियेत भिंतीत शिरण्याची गंमतच वेगळी. तिथल्या दगडाला एकच बाजू असते. मागच्या बाजूनं पाहिलं तर इंजिन तो रंगवतच नाही. एवढं भक्कम बांधकाम मधल्यामध्ये गायब होतं आणि विहिरीचा उभा छेद समोर येतो. मी तक्रार केल्यावर साहाय्यकानं डीऑक्लूडर जोडून दिला. मध्ये काही आडवं आलं की तो कॅमेऱ्याला पुढं ओढतो. भिंत परत आली, पण कॅमेरा मुलीच्या मानगुटीवर बसला.

लेन्सचं मात्र पटकन जमलं. युनिटीचा साधा कॅमेरा उभ्या दिशेत ६० अंश पाहतो, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावरची २१ मिमीच्या आसपासची लेन्स. तिच्यातून अरुंद वाटही हमरस्ता दिसते. ४० अंशांवर, म्हणजे साधारण ३३ मिमीवर, पायऱ्या पायऱ्यांसारख्या दिसायला लागल्या.

आई शेजारी बसून गवार निवडत होती. बराच वेळ पडद्याकडं बघून म्हणाली, “हिच्या मागनं कोण चाललंय गं?”

“कुणी नाही गं, कॅमेरा आहे.”

“मग एवढा चिकटून कशाला चाललाय त्यो?”

हे मला सुचायला हवं होतं असं नाही, पण तिनं बरोबर जागी बोट ठेवलं. मी साहाय्यकाला अंतर सांगत होते, कोन सांगत होते. बघतंय कोण, हे सांगितलंच नव्हतं. मग लिहिलं, ‘मुलीची आजी मागून येतेय, त्या हिशोबानं लाव.’

आणि त्यानं खरंच बरं लावलं. उंची दीड मीटर. डॅम्पिंग, म्हणजे मागं रेंगाळण्याचा आकडा, वाढवला. डेड झोन रुंद केला. डेड झोन म्हणजे पडद्यावरचा असा चौकोन, की माणूस त्याच्या आत कितीही हलला तरी कॅमेरा मान वळवत नाही. वरणभाताची ताटली घेऊन ओसरीवर बसलेली आजी अशीच असते: नातवंड ओसरीभर हिंडो, ती जागची हलत नाही, पायरीकडं वळलं की उठते, तेही जरा उशिरानंच. त्यानं वर हात थरथरल्याची हालचालही घातली होती, ती मी काढली. आजीचे गुडघे दुखतात, नजर स्थिर असते.

एक गोष्ट मात्र त्याच्यावर सोपवता येत नाही. आपलं काम तो पडद्याचा फोटो काढून तपासतो. फोटोत चौकट कळते, भिंत कळते, लेन्स कळते. रेंगाळणं कसं कळणार? स्थिर चित्रात डॅम्पिंग शून्य असो की तीन, मुलगी तिथंच उभी. ‘आता हालचाल सहज वाटते’ असं तो खुशाल लिहितो, न चालताच. तेव्हा पायऱ्या उतरून बघायचं काम माझं. खेळ चालू असताना केलेले बदल थांबल्यावर पुसले जाऊ नयेत म्हणून सिनेमशीनमध्ये एक छोटी चौकट असते, तिच्यावर टिचकी मारायची आणि निघायचं खाली.

शेवटच्या पायरीशी आईनं पुन्हा अडवलं. “आजी असती तर पोरीला पाण्याकडं अशी मोकळी सोडली नसती.”

पटलं. पाण्याच्या कडेला दुसरा आभासी कॅमेरा ठेवला, अग्रक्रम वरचा, अंतर हातभर, डॅम्पिंग शून्य. तिथं चिकटलेलाच बरा. सरकायचे दोन सेकंदही अर्ध्या सेकंदावर आणलेत. आई म्हणते, अर्धा पण लई झाला.