मॅग्नेट उतरला म्हणण्याआधी: जुन्या पंपाच्या मॅग्नेटोचा माझा अनुभव

गोव्यात कुळागरांतली (सुपारी-नारळाच्या बागांतली) जुनी पेट्रोल-केरोसिन इंजिनं पावसाळाभर पडून असतात. पाऊस सरला की पाणी द्यायला बाहेर काढतात, करंट येत नाही आणि निदान ठरलेलंच: मॅग्नेट उतरला, म्हणजे त्याची चुंबकशक्ती गेली. फोंड्याकडच्या एका कुळागरातला नालाच्या आकाराच्या मॅग्नेटचा मॅग्नेटो (बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी देणारं यंत्र) माझ्याकडे आला, तोही हेच निदान घेऊन.

मी मॅग्नेटला शेवटी हात लावतो. थंड असताना सुरू होऊन तापल्यावर बंद पडणारं इंजिन कॉइल किंवा कंडेन्सरकडे बोट दाखवतं. मॅग्नेट कमजोर असेल तर लक्षण वेगळं असतं. हळू फिरवताना ठिणगी नाही, पण वेगात फिरवलं की चांगली, कारण कॉइलमधलं व्होल्टेज वेगाबरोबर वाढतं. पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट तोडणारे संपर्क, आणि त्यांच्यावरची ठिणगी दाबतो तो कंडेन्सर. दमट हवेत कागदी कंडेन्सर गळतो आणि पॉइंटवर निळी ठिणगी उडून ते काळे पडतात. म्हणून आधी कंडेन्सर बदलला, पॉइंट घासून ०.३ ते ०.४ मिलिमीटरवर बसवले, कॉइल बल्बच्या पेटीत वाळवली. पॉइंट उघडतात त्या क्षणी आर्मेचरची (कॉइल गुंडाळलेल्या फिरत्या गाभ्याची) कड पोलच्या (नालाच्या पायांना लागलेल्या लोखंडी तुकड्याच्या) टोकापासून साधारण २ ते ३ मिलिमीटर सुटलेली असावी. हे चुकलं तर नवा मॅग्नेटही मेल्यासारखा वागतो. एवढं करूनही हळू फिरवताना ठिणगी नव्हती, तेव्हाच मॅग्नेटवर संशय घेतला.

जुने नाल टंगस्टन पोलादाचे असतात. त्यांची उलट्या क्षेत्राला तोंड देण्याची ताकद जेमतेम ६०-७० ऑर्स्टेड (चुंबकीय क्षेत्राचं एकक), म्हणून तर ते इतके लांब बनवायचे. १९१७ साली जपानमध्ये होंडा कोतारो यांनी कोबाल्ट पोलाद आणलं, १९३१ मध्ये मिशिमा यांनी ॲल्युमिनिअम-निकेलचं मिश्रण. ॲल्युमिनिअम, निकेल आणि कोबाल्ट असलेला अल्निको हा मिश्रधातू त्यातूनच पुढे आला. त्याची ताकद पाचशेच्या घरात, त्यामुळे मॅग्नेट आखूड झाले. इंजिनाच्या उष्णतेने मॅग्नेट उतरतो हे मला पटत नाही. अल्निकोची चुंबकता जायला ८०० अंशांच्या वर जावं लागतं. पोलादी नालाला मात्र गॅसकटरची ज्योत दाखवू नका. गंजलेला स्क्रू सुटेल, पण पोलादाची कडकी उतरेल आणि मग कितीही चार्ज केलं, म्हणजे पुन्हा चुंबकत्व भरलं, तरी ते धरणार नाही. आपटणंही त्याला मानवत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आर्मेचर नुसतंच ओढून काढल्यावर. चुंबकीय वाट तुटते आणि मॅग्नेट स्वतःलाच उतरवतो. नंतर आर्मेचर परत घातलं तरी गेलेलं परत येत नाही. म्हणून आधी नालाच्या दोन्ही पायांवर मऊ लोखंडाची जाड पट्टी ठेवायची, मग आर्मेचर काढायचं. नाल आणि पोल यांच्यामधला गंजही पोलिश पेपरने काढायचा. किनाऱ्याजवळच्या यंत्रांत तो थर बऱ्यापैकी जाड असतो.

चार्ज करण्याआधी होकायंत्र दूर धरून उत्तर ध्रुव शोधला, रंगाने खूण केली. फार जवळ नेलं तर होकायंत्राची सुईच उलटी होते. इथे नाल दोन होते. सारखे ध्रुव एकाच बाजूला ठेवून शेजारी धरले की त्यांनी एकमेकांना ढकललं पाहिजे. चिकटले तर एक उलटा चार्ज झालेला आहे.

चार्जर घरगुतीच. मऊ लोखंडाच्या दोन जाड सळ्या, खाली जोडपट्टी, प्रत्येक सळीवर १६ गेजच्या तांब्याच्या तारेचे ५०० वेढे. ट्रकच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट, करंट १४ अँपिअरच्या आसपास, म्हणजे सुमारे १४,००० अँपिअर-वेढे. पोलादी नालाला हे पुरतं. अल्निकोला ३,००० ऑर्स्टेडच्या आसपास क्षेत्र लागतं, ते काम योग्य यंत्र असणाऱ्याकडेच द्यावं. नालाचा उत्तर ध्रुव चार्जरच्या दक्षिणेवर बसवायचा, दोन-तीन सेकंद करंट द्यायचा, बंद करायचा, असं काही वेळा. स्विच उघडताना कॉइल जोरदार झटका देते, त्यामुळे उघडी टोकं हाताने धरू नका.

चार्जरवरून नाल उचलण्याआधी पट्टी आडवी सरकवली. आर्मेचर बसून नाल पोलवर चढल्यावरच ती हळूच बाजूला केली. अल्निको असता तर मॅग्नेटो पूर्ण जोडून चार्ज करणं जास्त बरं, कारण बाहेर चार्ज करून आत बसवताना त्याचा बराच जोर जातो.

आता हाताने सावकाश फिरवलं तरी ५ मिलिमीटरच्या फटीत निळी ठिणगी पडते. तपासताना प्लगची वायर मोकळी सोडू नका. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडते.