इशारा पातळी

9 जुलै

सदतिसावा आठवडा लागला. पाऊस सकाळपासून हटलेला नाही. बाबा चहाबरोबर रोज दोन आकडे मोठ्याने वाचतात, राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती फुटांवर आणि राधानगरी धरण किती टक्के भरलं. आज नदी 31 फूट. इशारा पातळी 39, धोका पातळी 43, हे कोल्हापुरात आमच्या शुक्रवार पेठेत लहान पोरांनाही पाढ्यासारखं पाठ असतं.

दुपारी तपासणी. वजन, बीपी, बाळाचे ठोके सगळं ठीक. डोकं खाली आलंय. निघताना डॉक्टर मॅडमनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "एपिड्युरलचं काय करायचं? घेणार असशील तर आधी सांगून ठेव. आमच्याकडे भूलतज्ज्ञ चोवीस तास बसून नसतात, बोलवावे लागतात."

एपिड्युरल म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन. विचार करून सांगते म्हटलं. घरी येऊन ही गोष्ट जेवताना बोलले, तिथेच चुकलं.

10 जुलै

आजीचं मत आलं. "पाठीत सुई घेतलीस की पाठ गेलीच म्हणून समज. मी सांगतो तुला." आजीला कळांबद्दल काही म्हणायचंच नाही. तिची पाच बाळंतपणं गावाकडच्या माजघरात झाली, सुईण गल्लीतलीच. त्याबद्दल विचारलं की "झाली की" एवढंच उत्तर. तिची काळजी पाठीची. पहाटे चारला उठून चार म्हशींच्या धारा काढायच्या, वैरणीचा भारा डोक्यावर, पाण्याची घागर काखेत. पाठ गेली की बाई गेली, असा तिचा साधा हिशेब आहे. हा हिशेब चुकीचा म्हणायला मला अजून जमलेलं नाही.

काकांचा फोन आला, त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. "पैलवानाची नात तू, आणि कळांना भितीस?" आजोबा गंगावेश तालमीत घुमायचे, त्यामुळे आमच्या घरात प्रत्येक दुखण्याची तुलना आखाड्याशी होते. मला काकांना म्हणायचं होतं की आजोबांचा खांदा निखळला तेव्हा त्यांनीही मांडी ठोकून तो बसवला नव्हता. म्हटलं नाही. नववा महिना भांडणात घालवायचा नाही असं ठरवलंय.

आई गप्प. मी झाले ते सिझरने, रात्री घाईघाईत. त्याबद्दल ती कधी बोलत नाही, आजही बोलली नाही. फक्त भाजीला मीठ दोनदा पडलं.

नवऱ्याचा नाशिकहून रात्री व्हिडिओ कॉल. "तू म्हणशील तसं." ऐकायला किती समजूतदार वाक्य आहे हे! पण मग सगळं माझ्याच डोक्यावर. घेतलं आणि काही बिघडलं तर मी म्हटलं म्हणून, नाही घेतलं आणि मी कोलमडले तरी मी म्हटलं म्हणून. त्याला म्हटलं, तुला काय वाटतं ते सांग, मग मी माझं ठरवते. बराच वेळ थांबून म्हणाला, "तुला ओरडताना ऐकायची मला भीती वाटते." हे बरं होतं. निदान खरं होतं.

12 जुलै

झोप नाही. कूस बदलायची म्हणजे ट्रक वळवल्यासारखं. मोबाइलवर वाचत बसले.

1853 साली व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं. ते देणारा डॉक्टर जॉन स्नो, म्हणजे पुढच्याच वर्षी लंडनमधल्या कॉलऱ्याचं मूळ एका पाण्याच्या पंपापर्यंत शोधत गेला तोच माणूस. कळा या देवानेच दिलेल्या, त्या बाईने सोसायलाच हव्यात असं तिथेही म्हणणारे होते. राणीनेच घेतल्यावर त्यांची जरा पंचाईत झाली.

सकाळी हे आजीला रंगवून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "राणीला काय, धारा थोड्याच काढायच्या हुत्या."

13 जुलै

भूलतज्ज्ञ मॅडमना भेटून आलो, मी आणि आई. त्या पंचगंगेच्या पलीकडे, शिरोलीच्या बाजूला राहतात आणि शहरातल्या चार-पाच दवाखान्यांत जातात. नदीकडे बघून दिवस आखणारी आणखी एक बाई.

त्यांनी आधी माझा प्लेटलेटचा रिपोर्ट बघितला, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारलं आणि पाठ बोटांनी चाचपली. मग कागदावर मणका काढून दाखवला. सिझरला देतात ते स्पायनल वेगळं, तिथे सुई आतल्या पाण्यापर्यंत जाते आणि एका डोसात काम होतं. एपिड्युरलची सुई त्या पाण्याभोवतीच्या पडद्याच्या अलीकडेच थांबते. तिच्यातून दोऱ्याएवढी बारीक नळी आत सोडतात, सुई काढून घेतात, नळी पाठीला चिकटवून ठेवतात. औषध त्या नळीतून थोडं थोडं. म्हणजे सुई पाठीत राहतच नाही. मला इतके दिवस वाटत होतं की बाळ होईपर्यंत सुई टोचलेलीच असते, आणि बाळ होताना हलायचं कसं याचीच मी धास्ती घेतली होती.

आईने प्रश्न विचारला, आजीचाच: "पाठ कायमची दुखते का?" मॅडम म्हणाल्या, टोचलेली जागा काही दिवस ठणकते. महिनोन्महिने दुखणारी पाठ इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत सारखीच आढळते. बाळ उचलणं, वाकून पाजणं आणि नऊ महिन्यांत सैल पडलेले सांधे, कारणं ती.

सिझरची शक्यता वाढते का, हे मी विचारलं. त्याने वाढत नाही. बाळ ढकलायची वेळ जरा लांबू शकते. पूर्वी औषध जड असायचं, पाय पार मरायचे, बाळ ओढून काढायला चिमटे जास्त लागायचे. आता पातळ औषध देतात.

त्रासही त्यांनी लपवले नाहीत. बीपी उतरतं, म्हणून सलाईन आणि सारखं मोजणं. थंडी भरते, अंग खाजतं, लघवीला नळी लागते. आठ-दहा जणींत एकीला नीट लागू पडत नाही, नळी हलवावी लागते किंवा पुन्हा बसवावी लागते. शंभरात एखादीला पडद्याला भोक पडतं, मग उठून बसलं की डोकं प्रचंड दुखतं, आडवं झालं की कमी होतं. नसेला कायमची इजा फार क्वचित, हजारोंत एखादीला.

शेवटी त्यांनी सांगितलं ते मी लिहून घेतलं. "मला यायला वेळ लागतो, लागू पडायला वीस मिनिटं लागतात आणि बसवताना तुला न हलता बसता यायला पाहिजे. अगदी असह्य झाल्यावर फोन कराल तर मी येईपर्यंत उशीर झालेला असेल."

घरी परतताना रिक्षावाल्याने घाटावर पाणी किती चढलंय ते सांगितलं, आम्ही न विचारता. तेव्हा डोक्यात आलं, 39 ला नदीकाठचे लोक जनावरं हलवतात, धान्य वर चढवतात. 43 ची वाट कुणी बघत नाही आणि 39 ला हललेल्याला कुणी भित्रा म्हणत नाही. मी मात्र चार दिवस हाच विचार करत होते की आधी किती सोसून दाखवलं म्हणजे मागायचा हक्क मिळेल.

रात्री डॉक्टर मॅडमना मेसेज टाकला: सांगून ठेवा. मी मागितलं तर द्या, आणि मागेन की नाही हे त्या वेळी बघू. बिलात भूलतज्ज्ञांचे पैसे वेगळे लागतील असं उत्तर आलं. बाबा म्हणाले, लागू देत.

19 जुलै

नदी 37 फूट 8 इंच. राधानगरी भरत आलंय, स्वयंचलित दरवाजे कधीही उघडतील. 2019 ला हायवे बरेच दिवस बंद होता. शिरोलीपाशी पाणीच पाणी. या वेळी तसं झालं तर भूलतज्ज्ञ कुठून येणार, हा विचार मी कुणाला बोलून दाखवला नाही. बाबा मात्र आता तीन आकडे वाचतात. तिसरा हायवेचा, चालू की बंद.

24 जुलै

पाच दिवसांनी लिहितेय. एका हाताने, मांडीवर उशी, उशीवर ती.

20 तारखेच्या रात्री दीडला कळा सुरू झाल्या. आधी कंबरेत, मग पुढे. अडीचला दवाखान्यात. नवरा आदल्या दिवशीच आला होता, नशीब. पहिले दोन तास मी फार शहाणी होते. श्वास मोजत होते, व्हरांड्यात फेऱ्या मारत होते, नर्सशी गप्पासुद्धा. साडेचारला पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलंय म्हणाल्या, आणि त्यानंतरच्या कळेत माझा शहाणपणा संपला.

कोल्हापूरच्या बायका 'मी जातो', 'मी येतो' म्हणतात. आजी तसंच बोलते, मीही लहानपणी बोलायचे. पुण्यात शिकायला गेल्यावर सोडलं, नवऱ्याने तर माझ्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. त्या कळेत मी त्याचं मनगट धरून ओरडले, "मी घेतो! सांग त्यांना, मी घेतो इंजेक्शन!" तो क्षणभर नुसता बघत राहिला. त्याला वाटलं मी भ्रमिष्ट झाले. आई मात्र माझं वाक्य पुरं व्हायच्या आत नर्सच्या टेबलापाशी पोहोचली होती.

फोन झाल्यापासून मॅडम यायला पन्नास मिनिटं. पुलावरून वाहनं सोडत होते, पण मुंगीच्या चालीने. त्या पन्नास मिनिटांबद्दल मला काही लिहायचं नाही.

मग बसवलं. पाय खाली सोडून, हनुवटी छातीला, पाठ बाहेर काढून, मांजर अंग ताणतं तशी. मध्येच कळ आली. "हलू नको, हलू नको, संपली की सांग." मी नर्सच्या खांद्यात तोंड खुपसून बसले. तिच्या गणवेशाला फिनेलचा वास होता, तो अजून नाकात आहे. जागा बधिर करायची सुई चावली, त्यानंतर नुसता दाब. थोडं औषध देऊन त्यांनी विचारलं, कानात आवाज येतोय? तोंडाला धातूची चव? नाही म्हटल्यावर पुढचं दिलं.

वीस मिनिटांनी डावी बाजू शांत. उजवी नाही. अर्धं पोट माझं आणि अर्धं अजून कळांचं, असा विचित्र प्रकार. म्हणजे त्या आठ-दहा जणींतली ती एक मीच. मॅडमनी मला उजव्या कुशीवर वळवलं, नळी किंचित मागे ओढली, आणखी औषध दिलं. दहा मिनिटांत उजवी बाजूही उतरली. दात वाजायला लागले, नाक खाजायला लागलं, आणि मी झोपले. खरोखर झोपले, तास-दीड तास. जाग आली तेव्हा नवरा खुर्चीत घोरत होता आणि आई माझ्या पायावरून हात फिरवत होती. तो हात मला कळत होता, पण लांबून, पांघरुणावरून फिरावा तसा.

"मला तर विचारलंच नव्हतं कुणी," ती म्हणाली. सिझरबद्दल तेवढंच. मी पुढे विचारलं नाही.

ढकलायला पावणेदोन तास लागले. कळ येतेय हे पोटावर हात ठेवून नर्स सांगायची, मला नुसता खाली भार जाणवायचा. एकदा बाळ ओढून काढायच्या व्हॅक्यूमचं नाव निघालं, लागलं नाही. साडेदहाला मुलगी. 2 किलो 900 ग्रॅम. केस माझ्या बोटभर.

काकांनी पेढ्यांबरोबर निरोप पाठवला, "नात पैलवानाची शोभली." इंजेक्शनचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही, पण लाजेने नव्हे. त्यांचा फोन अर्धा तास चालतो.

नदी 41 ला पोहोचून उतरायला लागली. बाबांनी आज फक्त एकच आकडा वाचला, बाळाच्या वजनाचा.

28 जुलै

मालिशवाली मावशी येते. गरम तेल, मग शेगडी, ओव्याचा धूर. आजी समोर पाटावर बसून देखरेख करते. आज मावशीचा हात कंबरेवर आला तशी ती पुढे सरकली. "तिथं नगं दाबू. तिथं सुई दिलीया."

दुखत नाही गं आजी, म्हटलं. ती ऐकायला तयार नाही. पुढच्या वीस वर्षांत माझी पाठ कधीही दुखली तरी दोष याच सुईला जाणार, हे ठरलंय. शेवटी तिने मावशीला बाजूला केलं, स्वतः तेल घेतलं आणि त्या जागेभोवती गोल गोल बोटं फिरवत राहिली, मधली रुपयाएवढी जागा कोरडी सोडून.