आमची वाटचाल : गुलमंडीच्या गाळ्यापासून मास्टर टेपपर्यंत

सुरवात औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) गुलमंडीच्या मागं भाड्याच्या गाळ्यात झाली, कॅसेटच्या कॉप्या काढून द्यायचो आणि लग्नाच्या व्हिडिओला म्युझिक लावून द्यायचो. मधली सगळी वर्षं बरी गेली, त्यातलं सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते मराठवाडा मुक्तिसंग्रामावरच्या टीव्ही माहितीपटाच्या म्युझिकबद्दल, कारण त्याबद्दल लई जण लई काही बोललेत, मलाच कॉपीवाला म्हणालेत.

निर्मात्याच्या घरच्यांनी माळ्यावरून मास्टर टेपचे, म्हणजे स्टुडिओतल्या मूळ रेकॉर्डिंगचे, चार स्पूल (रिळं) काढून दिले, दहा इंची, पंधरा आयपीएसचे, म्हणजे सेकंदाला पंधरा इंच टेप पळणारे. पूर्ण ऑर्केस्ट्रा, व्हायोलिनचा मोठा ताफा आणि खाली आपला संबळ. मी घाई केली, नीट न बघता पहिला स्पूल मशीनवर चढवला, दोन मिनिटांत टेप किंचाळायला लागली, हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी लगदा आणि कॅपस्टनला, म्हणजे टेप ओढणाऱ्या दांडीला, टेप चिकटलेली. मास्टर आपल्या हातानं गेली म्हणून त्या रात्री मी जेवलो नाही. दुकानावर कर्ज होतंच, पार्टनरनं महिन्याभरात हिस्सा काढून घेतला, त्याला दोष देत नाही पण विसरलोही नाही.

टेपच्या बाइंडरनं, म्हणजे चुंबकीय भुकटी धरून ठेवणाऱ्या थरानं, वर्षानुवर्षं ओल ओढलेली असती, म्हणून ती चिकट होती. उपाय म्हणजे मंद शेक. एका पॅथॉलॉजीवाल्या मित्राचा जुना इनक्युबेटर आणला, ५४ डिग्रीवर आठ तास ठेवायचं, मधून स्पूल पलटायचा, मग बंद करून आपोआप गार होऊ द्यायचं. घरच्या ओव्हनमध्ये कुणी टाकू नका, त्याचा काटा खरा नसतो. आणि जुनी ॲसिटेट टेप असेल तर शेकायचीच नाही, उजेडाला धरून बघा, आरपार दिसती. शेकलेली टेप काही आठवडेच चालती, तेवढ्यात ट्रान्सफर उरका.

टेपच्या सुरवातीला जुळणीसाठी भरलेल्या टोनवर अझिमुथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन, लावला, हेडचा स्क्रू केसभर फिरवला तर व्हायोलिन धुक्यातून बाहेर आल्यासारखे झाले. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जात, कॉम्प्युटरवर उतरवलं. १७ सप्टेंबर १९४८ च्या, म्हणजे मराठवाडा मुक्त झाला त्या दिवसाच्या, तुकड्याआधी शांतता आहे, त्यात नोटेशनचं पान पलटल्याचा आणि कुणाची तरी खुर्ची करकरल्याचा आवाज येतो. तो मी ठेवला. नॉइज काढायच्या नादात तो गेला असता तर तिथं माणसं वाजवत होती हेच कळलं नसतं.

आमची सीडी छापायला गेली त्याच महिन्यात दुसऱ्या शहरातल्या एकानं तेच म्युझिक आणलं, वर 'ओरिजिनल मास्टरवरून' असं छापून, निम्म्या भावात. लोक मलाच कॉपीवाला म्हणायला लागले. मी त्याची फाइल स्पेक्ट्रमवर, म्हणजे आवाजातल्या फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या चित्रावर, टाकली तर १५,६२५ हर्ट्झवर सरळ रेघ, म्हणजे टीव्हीच्या लाइनची शिट्टी, म्हणजे त्यानं म्युझिक टीव्हीवरच्या माहितीपटातून उचललेलं. स्टुडिओच्या मास्टरवर ती कुठून येणार? शिवाय प्रत्येक तुकड्याची सुरवात कापलेली, कारण माहितीपटात तिथं निवेदकाचा आवाज आहे. हक्काचा कागद माझ्याकडं होता म्हणून टिकलो, नुसती टेप हातात आली म्हणजे हक्क आला असं समजू नका, आधी सही घ्या मग मशीन लावा.

आमचे एक गिऱ्हाईक आहेत अंबाजोगाईचे गुरुजी, आमचं प्रत्येक काम घेतात, पोस्टानं नाही, एसटीनं येऊन. त्यांचे वडील रझाकारांच्या काळात घर सोडून सरहद्दीवरच्या कँपात होते. दोन सीड्यांच्या गदारोळात गुरुजी दोन्ही सीड्या पिशवीत घेऊन आले आणि म्हणले, दोन्ही लावा. दुसऱ्याची लावली, ते काही बोलले नाहीत. आमची लावली, शांततेत ती खुर्ची करकरली, गुरुजींनी हात वर केला आणि म्हणले, "थांबा, हे परत लावा."

तीन वेळा लावलं. मग चहा घेऊन ते साडेचारच्या गाडीला गेले, जाताना अजून पाच सीड्यांचे पैसे काउंटरवर ठेवून.